रिसर्च पेपर समजतो, पण त्याचा इंग्रजीत सारांश लिहिताना हात अडकतो. तुम्ही कसं करता?

तेरणेची_लेक

नमस्कार सगळ्यांना. मी एमएस्सी जिऑलॉजी पहिल्या वर्षाला आहे. गाव औसा तालुक्यात, दहावीपर्यंत मराठी शाळा. सेमिनारला मला विषय मिळालाय लोणार सरोवराचं वय, म्हणजे आकाशातून दगड पडून तो खड्डा कधी झाला ते. चार सोर्स वाचायचे, प्रत्येकाचा दीडशे शब्दांत इंग्रजीत सारांश लिहायचा आणि शेवटी चौघांचा मिळून एक.

मागच्या आठवड्यात मी नेऊन दिला तर मॅडमनी पहिल्याच पानावर लाल पेनानं लिहिलं, "ही तुझी भाषा नाही." दुसरीकडचा मजकूर किती जुळतो ते बघणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ३८ टक्के आले. खरं सांगते, मी कॉपी केली नव्हती, म्हणजे मला तसंच वाटत होतं. मी प्रत्येक पेपरचं अ‍ॅब्स्ट्रॅक्ट, म्हणजे सुरुवातीचा लेखकाचाच सारांश, घेतलं आणि एकेका वाक्यातले शब्द बदलत गेले, शोजच्या जागी डिस्प्लेज, ओल्डच्या जागी एन्शंट, असं रात्री दोनपर्यंत बसून केलं. एवढी मेहनत करून वरून हे.

माझा प्रश्न असा की त्या शास्त्रज्ञानं आधीच इतक्या चांगल्या इंग्रजीत लिहिलंय, त्याच्यापेक्षा वेगळं आणि बरोबर मी कसं लिहू? माझं इंग्रजी तेवढं नाही. आणि दुसरं, मॅडमनी एका सोर्सवर नुस्तं प्रश्नचिन्ह काढलंय. तो पाणी गुलाबी झालं होतं त्याच्याबद्दलचा न्यूज पोर्टलचा लेख होता, जून २०२० चा. तो का चालत नाही?

पुढच्या सोमवारी परत द्यायचंय.

---

हुरडा_पार्टी

ताई, त्या शास्त्रज्ञापेक्षा चांगलं लिहायला कुणी सांगितलंच नाही तुला. आमच्या गल्लीतल्या काकू सप्त्यात कीर्तन ऐकून आल्या की माझ्या आजीला ओट्यावर बसून दहा मिनिटांत सांगायच्या. दोन तासांचं कीर्तन, पण काय विषय होता, कोणता दाखला दिला, शेवटी बुवा काय म्हणाले, सगळं यायचं, आणि बुवांचं एक वाक्य जसंच्या तसं नसायचं. आजीला गुडघ्यामुळं जाता यायचं नाही पण तिचं कीर्तन कधी चुकलं नाही. तुला ती काकू व्हायचंय.

---

पीएचडी_चालूच

हुरडाभाऊ, काकूंचा दाखला लई भारी, मी माझ्या ज्युनिअरना सांगणार.

तेरणेची_लेक, ३८ टक्के म्हणजे काय ते आधी समजून घे. यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) प्लॅजिअरिझमचे, म्हणजे दुसऱ्याचं लिखाण चोरण्याबद्दलचे, नियम २०१८ चे आहेत. त्यात १० टक्क्यांपर्यंत शिक्षा नाही, १० ते ४० पहिली पातळी म्हणजे ठरवून दिलेल्या मुदतीत, जास्तीत जास्त सहा महिन्यांत, दुरुस्त करून परत द्यायचं, ४० ते ६० दुसरी म्हणजे एक वर्ष थांबा, आणि ६० च्या वर रजिस्ट्रेशनच रद्द. हे थिसिससारख्या कामाला आहे, तुझ्या सेमिनारला मॅडम एवढं लावणार नाहीत, पण सवय आत्ताच लागते. मोजताना संदर्भांची यादी, परवानगी किंवा उल्लेख करून अवतरणात घेतलेला मजकूर, नेहमीची समीकरणं, सगळ्यांना माहीत असलेल्या गोष्टींचे सलग १४ शब्दांपर्यंतचे तुकडे, हे वगळायचं असतं. त्यामुळं नुसता आकडा बघून घाबरू नको, रिपोर्ट उघडून कोणत्या ओळी रंगल्यात ते बघ.

पण आमच्या डिपार्टमेंटला उलटा गैरसमज आहे, की ९ टक्के आले म्हणजे आपण स्वच्छ. तसं नाही. सॉफ्टवेअर शब्द जुळवतं, विचार कुणाचा ते त्याला कळत नाही. दुसऱ्याची कल्पना तू पूर्ण स्वतःच्या शब्दांत लिहिली आणि नाव दिलं नाही तर शून्य टक्के येतील, तरी ती चोरीच.

---

गोदेचं_पाणी

मी नांदेडला इंग्रजी शिकवते, सायन्सच्या मुलांचे वर्ग असतात म्हणून लिहिते.

बाळा, तू जे रात्री दोनपर्यंत केलंस त्याला पॅचरायटिंग म्हणतात. मूळ वाक्याचा सांगाडा तसाच ठेवायचा आणि त्याच्यावर नवीन शब्दांची ठिगळं लावायची. हे चोर करत नाहीत, हे घाबरलेली हुशार मुलं करतात. ज्याला मजकूर अर्धा कळलाय तो वाक्य सोडायला घाबरतो, कारण वाक्य सोडलं तर अर्थ निसटेल असं त्याला वाटतं. म्हणून तुझी अडचण इंग्रजीची कमी आणि वाचण्याची जास्त आहे, हे मी तुला दुखवायला म्हणत नाही. माझ्या वर्गातली इंग्लिश मीडियमची मुलंही हेच करतात, फक्त त्यांची ठिगळं जरा गुळगुळीत असतात.

उपाय मी एकच सांगते. पेपर वाच, बंद कर, खरंच बंद कर, मोबाईल उलटा ठेव. मग कोऱ्या कागदावर मराठीत चार ओळी लिही: यांना काय शोधायचं होतं, कशानं शोधलं, काय सापडलं, कुठपर्यंत खरं आहे. तुझ्या बोलीत लिही, औशाच्या बोलीत लिही, कुणी बघणार नाही. त्या चार ओळी इंग्रजीत करताना वाक्यं आपोआप साधी आणि तुझी होतात. पेपर उघडायचा तो शेवटी, आकडे आणि नावं तपासायला.

---

कापूसकोंड्या

बाईंनी सांगितलेलं "कुठपर्यंत खरं आहे" हे चौथं वाक्य मला फार महागात पडलेलं आहे.

मी परभणीला कृषीचं शिकलो. मला बोंडअळीच्या प्रतिकारशक्तीवरचं वाचून सारांश लिहायचा होता. बीटी म्हणजे अळीला मारणारा जीन घातलेला कापूस. मी ठोकून दिलं, बीटी कॉटन हॅज फेल्ड इन इंडिया. सरांनी बोलावलं आणि तीनच प्रश्न विचारले. कोणती अळी? कोणता जीन? कोणते जिल्हे? माझ्याकडं उत्तर नव्हतं. पेपर परत उघडला तर अळी गुलाबी, जीन क्राय१एसी, म्हणजे २००२ ला मंजूर झालेलं एका जीनचं बीटी, आणि जागा गुजरातेतले चार जिल्हे. २०१० ला जाहीर झालेली गोष्ट. दोन जीनचं बीटी तेव्हा त्याच अळीवर अजून चालतंय असंच म्हटलं होतं. मी चार जिल्ह्यांचा देश करून टाकला होता.

आता कुणी म्हणेल की पुढं झालंच की तसं, २०१७ ला आपल्या मराठवाड्यात गुलाबी अळीनं बोंडं पोखरली, दोन जीन असूनही. आमच्याच शेतात दुसऱ्या वेचणीला माय रडली होती. पण म्हणून २०१० च्या कागदाच्या तोंडात २०१७ चं वाक्य घालता येत नाही. त्या माणसानं त्या दिवशी जेवढं पाहिलं तेवढंच लिहायचं. पुढचं पुढच्या सोर्समधून आणायचं आणि त्याचं नाव घ्यायचं.

---

स्पष्टबोले

सगळे कसं लिहायचं ते सांगायलेत, का लिहायचं ते कुणी विचारत नाही. लोणार आपल्या शेजारी, बुलढाण्यात, जालन्याहून दोन-अडीच तासांवर. ही पोरगी किल्लारीच्या मातीतली. तिनं लोणारबद्दल मराठीत लिहिलं तर काय बिघडेल? मॅडम मराठी, पोरगी मराठी, ऐकणारे पंचवीस जण मराठी. जपानमध्ये, जर्मनीत पोरं आपल्या भाषेत विज्ञान शिकतात. आपण अर्धी ताकद भाषांतरात घालवतो आणि मग म्हणतो ग्रामीण पोरं मागं पडतात.

---

दुधना_७१

स्पष्टबोले, तुमची तळमळ मला मान्य आहे, मी ३४ वर्षं सेलू-जालना भागात केमिस्ट्री शिकवली आणि हा प्रश्न दर जूनला वर्गात बसलेला पाहिला. थोडं लांबण लावतो.

माझे वडील निजामाच्या काळात हैदराबादला शिकले. उस्मानिया विद्यापीठ १९१८ चं, तिथं शिकवण्याची भाषा उर्दू होती, विज्ञानाचीसुद्धा. त्यासाठी वेगळं भाषांतराचं खातंच होतं, पुस्तकं उर्दूत करणारं आणि शब्द घडवणारं. वडील घरी मराठी बोलायचे, वर्गात उर्दूत शिकायचे, आणि १९४८ नंतर नोकरीत इंग्रजी आली. ते म्हणायचे, ऑक्सिजन कोणत्याही भाषेत आला तरी मेणबत्ती तशीच पेटते, पण मला तो आधी माझ्या आईच्या भाषेत पेटवावा लागतो. म्हणजे मराठवाड्याच्या माणसाला एका भाषेत समजून दुसरीत मांडायचं हे नवीन नाही, तीन पिढ्यांची सवय आहे आपल्याला.

त्यामुळं मी दोन्ही म्हणतो. समजायचं मराठीत. विश्वकोश आहे, शासनाचे परिभाषा कोश आहेत, ते उघडे ठेवा. पण मांडायचं इंग्रजीतही आलं पाहिजे, कारण लोणारवर ज्यांनी काम केलं त्यातले कोणी अमेरिकेत, कोणी ऑस्ट्रेलियात, कोणी अहमदाबादेत बसले होते, त्यांच्याशी ही मुलगी उद्या वाद घालणार असेल तर त्यांना कळेल अशा भाषेत तिला ते काय म्हणाले हे आधी सांगता यायला हवं. समोरच्याचं म्हणणं त्याला मान्य होईल असं सांगता येणं हीच वादाची पहिली पायरी.

---

स्पष्टबोले

सर, वडिलांची गोष्ट वाचून गप्प बसलो. समजायचं मराठीत हे मान्य. पण मग विद्यापीठानं मराठी टिपणालाही मार्क द्यावेत हे माझं म्हणणं मी सोडत नाही.

---

दुधना_७१

सोडूही नका.

---

पुस्तकांची_खोली

मी एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. तिचा दुसरा प्रश्न सगळे विसरले, तो प्रश्नचिन्हाचा.

२०२० च्या जूनमध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं तेव्हा बातम्यांमध्ये लगेच कारणं आली, कुणी शेवाळ म्हटलं, कुणी खारटपणा, कुणी दोन्ही. बातमी लिहिणाऱ्याची चूक नाही, त्याला त्या दिवशी जे कळलं ते त्यानं लिहिलं. नंतर पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं नमुने तपासले आणि हॅलोआर्किया नावाच्या मीठप्रेमी सूक्ष्मजीवांचा रंग असल्याचं सांगितलं. आता तू त्या पहिल्या काही दिवसांतली बातमी सोर्स म्हणून घेतलीस तर तुझ्या सारांशात शेवाळ येणार. बातमीवरून विषय कळतो, पण पुरावा घ्यायला मूळ तपासणीपर्यंत जावं लागतं. विकिपीडियाचंही तेच, तिथून सुरुवात कर, खालच्या संदर्भांवर जा, आणि जो संदर्भ तू स्वतः उघडून वाचला तोच दे.

आणि तुझा विषय लोणारचं वय आहे म्हणून मुद्दाम सांगतो. ५२ हजार वर्षं हा आकडा शेकडो ठिकाणी दिसतो, तो १९९७ च्या एका पेपरचा आहे आणि तो पेपर पोर्तुगीज भाषेत नाव असलेल्या एका जर्नलमध्ये आलाय, सहज हाताला लागत नाही. आकडा देणाऱ्यांपैकी कितीजणांनी तो उघडला असेल हा विचार कर. तुला नाही मिळाला तर दुसऱ्या ज्या पेपरात वाचला त्याचं नाव घे आणि "अमक्यात उल्लेखलेला" असं स्पष्ट लिही. लाज वाटायचं कारण नाही.

पेपर मिळत नाहीत अशी तक्रार घेऊन पोरं येतात. तुमचं कॉलेज सरकारी असेल तर लायब्ररीत वन नेशन वन सबस्क्रिप्शन या केंद्र सरकारच्या योजनेचं विचार, १ जानेवारी २०२५ पासून सुरू झालंय, ३० प्रकाशकांची जवळजवळ १३ हजार जर्नल्स. आमचं कॉलेज खाजगी असल्यानं अजून त्यात नाही, मला फार वाईट वाटतं, आमची पोरं काही कमी जिज्ञासू नाहीत. पण थिसिस शोधगंगेवर सगळ्यांना खुले आहेत, आणि लेखकाला नम्रपणे मेल केला तर बऱ्याचदा पीडीएफ येतो. माझ्या एका विद्यार्थ्याला रात्री मेल केल्यावर सकाळी उत्तर आलं होतं, तो ते प्रिंट काढून लायब्ररीत सगळ्यांना दाखवत फिरला.

---

रात्रपाळी

कोणत्या सोर्सवर भरवसा ठेवायचा, त्यावरून मी एक जोडते. मी नर्स आहे, एमएस्सी नर्सिंग करायले. चांगल्या जर्नलमध्ये आलं म्हणजे कायमचं खरं असं नसतं. लसीमुळं ऑटिझम होतो अशी शंका पसरवणारा पेपर लॅन्सेट या नावाजलेल्या वैद्यकीय जर्नलमध्येच आला होता, १९९८ ला, १२ मुलांवरचा. २०१० ला तो मागं घेतला. मधली १२ वर्षं किती लेकरांच्या आयांनी लस टाळली असेल. आजही वॉर्डात एखादी आई मोबाईल दाखवून तेच विचारते आणि मी तिला खुर्ची देऊन बसवते अन् सांगते.

म्हणून पेपर वापरायच्या आधी त्याच्या वेबपेजवर रिट्रॅक्टेड, म्हणजे मागं घेतलेला, असं लिहिलंय का ते बघायचं. डाउनलोड केलेल्या जुन्या पीडीएफवर ते नसतं. दोन मिनिटं लागतात. आणि किती जणांवर, किती नमुन्यांवर हा आकडा सारांशात आलाच पाहिजे, दीडशे शब्दांतही. तो १२ चा आकडा प्रत्येक बातमीत लिहिला असता तर लोक जरा थांबले असते असं मला वाटत राहतं.

---

हुरडा_पार्टी

ताई तुमच्या वॉर्डातल्या खुर्चीला नमस्कार.

जरा हलकं करतो. त्या शब्द बदलून देणाऱ्या वेबसाइट असतात ना, आमच्या मित्रानं आख्खा रिपोर्ट त्यातून काढला. सिग्नल टू नॉईज रेशोचं फ्लॅग टू क्लॅमर झालं. व्हायव्हाला एक्स्टर्नलनी विचारलं, हे क्लॅमर म्हणजे कोणतं इन्स्ट्रुमेंट? तो म्हणाला, सर आमच्या लॅबला अजून आलेलं नाही.

---

पीएचडी_चालूच

हुरडाभाऊ 😂 पण हे जगभर चाललंय. २०२१ ला तीन संशोधकांनी असे शब्द गोळा करून दाखवले, टॉर्चर्ड फ्रेजेस म्हणतात त्यांना, छळलेले शब्दप्रयोग. आर्टिफिशियल इंटेलिजन्सचं काउंटरफिट कॉन्शसनेस, ब्रेस्ट कॅन्सरचं बुझम पेरिल. हे छापून आलेल्या पेपरांत होतं! त्यावरून बनावट पेपर पकडायला लागले.

तेरणेची_लेक, यातून तुझ्या कामाचं हे घे की शास्त्राची संज्ञा बदलायची नाही. बेसॉल्टला (लाव्हाचा काळा खडक) दुसरा शब्द शोधू नको, थर्मोल्युमिनेसन्सला (तापवल्यावर उजेड देणं) शोधू नको. त्या सगळ्यांच्या मालकीच्या आहेत. बदलायचं ते वाक्य, क्रम, मांडणी. तू नेमकं उलटं केलंस, वाक्य ठेवलं आणि शब्द हलवले.

एआयला विचारून सारांश काढणाऱ्यांनाही सांगतो. मी एकदा संदर्भ मागितले, पाच आले, त्यातले दोन जगात नव्हतेच, लेखक खरे, जर्नल खरं, पेपर मात्र नाही. तपासलं म्हणून वाचलो.

---

गोदेचं_पाणी

क्रियापदांवर थोडं लिहिते कारण दीडशे शब्दांत तीच सगळं वाहतात.

मुलं प्रत्येक ठिकाणी प्रूव्हड लिहितात. सायन्सच्या पेपरात हा शब्द फार कमी येतो, गणित सोडलं तर. लेखकानं सजेस्ट म्हटलं असेल तर तूही सजेस्टच म्हण, त्याचं डेमॉन्स्ट्रेट करू नको. रिपोर्ट म्हणजे मोजलं आणि सांगितलं. आर्ग्यू म्हणजे मत आहे आणि बाजू मांडली. क्लेम वापरताना जपून, त्यात तुझा अविश्वास डोकावतो. मे, माइट, लाइकली हे शब्द मुलं फालतू समजून गाळतात, शब्दमर्यादा आहे ना. अगं, तेच तर सगळ्यात किमती. आपण मराठीत नाही का म्हणत, "पाऊस येईलसं वाटतंय" आणि "पाऊस येणार"? पेरणी करणाऱ्याला या दोघांतला फरक विचार.

काळ: त्यांनी केलं, मोजलं, मिळवलं ते भूतकाळात. त्या पेपरचा दावा काय आहे ते वर्तमानात चालतं. एका परिच्छेदात सारखं इकडून तिकडं उड्या मारू नये. आणि सगळ्यात महत्त्वाचं, लेखकाचं नाव पहिल्या वाक्यात घे आणि मधेमधे दे डिड, द ऑथर्स असं येऊ दे, म्हणजे त्यांचं कुठं संपलं आणि तुझं कुठं सुरू झालं ते वाचणाऱ्याला कळेल. शेवटी एकच कंस टाकून मोकळं व्हायचं ही सवय वाईट.

---

त्र्याण्णवचं_लेकरू

मी विषयाशी जरा लांबून जोडलेला आहे पण ती औशाची आहे म्हणून लिहायलो.

माझा जन्म १९९३ चा, भूकंपाच्या आधी चार महिने. ३० सप्टेंबरच्या पहाटे आज्जीनं मला पोटाशी धरलं होतं, भिंत तिच्या पाठीवर आली. मी सिव्हिल इंजिनिअरिंगला असताना किल्लारीवर रिपोर्ट लिहायला घेतला, आणि मृतांचा आकडा लिहायचा होता. एका ठिकाणी ७,९२८. दुसऱ्या ठिकाणी ९,७४८. तिसरीकडं सरळ "सुमारे दहा हजार". तीव्रता कुठं ६.२, कुठं ६.४. मला राग आला होता, की आमची माणसं नीट मोजलीही नाहीत का कुणी.

सरांनी मला शांतपणे सांगितलं, एक निवडू नको, कुणाचा आकडा आहे ते लिही. सरकारी अहवालाचा असेल तर तसं, भूकंपशास्त्राच्या कॅटलॉगचा असेल तर तसं. तीव्रतेला कोणती मोजपट्टी ते लिही, मोमेंट मॅग्निट्यूड ६.२ आहे, दुसऱ्या मोजपट्टीवर आकडा वेगळा येतो. तेव्हापासून नाव आणि मोजपट्टी नसलेला आकडा मी कुठंच लिहीत नाही. या दोन आकड्यांच्या मधे अठराशे माणसं आहेत. आमच्या गावातली काही त्यात असतील.

---

दुधना_७१

बाळा, आज्जी आहेत का?

---

त्र्याण्णवचं_लेकरू

आहेत सर. ८८ वर्षांच्या. पाठ वाकलेली आहे पण भाकरी अजून स्वतः थापतात.

---

कापूसकोंड्या

नमस्कार सांगा त्यांना.

(तेरणेची_लेक, तू जिऑलॉजीची म्हणून, किल्लारीला नंतर एनजीआरआयनं, म्हणजे हैदराबादच्या भूभौतिकी संस्थेनं, ६१७ मीटर खोल बोअर घेतलं होतं, ३३८ मीटर बेसॉल्ट लागला आणि मग खालचा जुना खडक. पुढच्या सेमिनारला घे.)

---

नीटवाला_लातूर

मी बारावी लातूर पॅटर्नमधून केली, आता बीएस्सी. माझं मत जरा वेगळं आहे. आम्हाला दोन वर्षं चार पर्यायांतून एक निवडायला शिकवलं. त्यात मी चांगला होतो. पण एकदाही कुणी म्हटलं नाही की हे पान वाच आणि चार ओळीत सांग. कॉलेजात आल्यावर एकदम सारांश लिहा म्हणतात. बाई म्हणाल्या पेपर बंद करून लिही, मी करून बघितलं, बंद केल्यावर माझ्या डोक्यात काहीच राहिलेलं नसतं!! मग काय करायचं?

---

गोदेचं_पाणी

खरं सांगितलंस म्हणून बरं वाटलं. काहीच राहिलं नाही म्हणजे वाचलंच गेलं नाही, डोळे फिरले. आख्खा पेपर एकदम घेऊ नकोस. आधी शेवटचा परिच्छेद वाच, मग आकृत्या आणि त्यांच्याखालच्या ओळी, मग इंट्रोडक्शनचा शेवट जिथं ते म्हणतात आम्ही काय करणार आहोत. मेथड्स सगळ्यात शेवटी. प्रत्येक तुकड्यानंतर समासात पेन्सिलीनं एक मराठी ओळ. पहिल्या पेपरला चार तास लागतील. दहाव्याला एक.

---

तेरणेची_लेक

तुम्ही सगळ्यांनी इतकं लिहिलं, मी दोन दिवस नुस्ती वाचायले. गावाकडं आलेय. सांगते काय झालं.

बाईंनी सांगितलं तसं दोन पेपर बंद करून मराठीत लिहायला बसले, जमेना. आई शेंगा फोडत होती. म्हटलं काकूंसारखं करून बघू, आईला सांगू. आई सातवी शिकलेली. मी म्हटलं, आई, लोणारला आकाशातून दगड पडला अन् खड्डा झाला, तो कधी पडला ते शोधायलेत. एकजण म्हणतो ५२ हजार वर्षं झाली, दुसरा म्हणतो ५ लाख ७० हजार. आई शेंगा फोडता फोडता म्हणाली, "मग दोघांनी मोजलं कशानं?"

मी थांबलेच. माझ्या दीडशे शब्दांत ते नव्हतंच. मी एन्शंट का ओल्ड करत बसले होते आणि मोजलं कशानं ते लिहिलंच नव्हतं. मग मी तिला सांगितलं, की दगड आदळल्यावर जी काच झाली ती तापवली की जरा उजेड देते, त्या उजेडावरून पहिल्यांनी मोजलं. दुसऱ्यांनी वितळून थिजलेला दगड घेतला, त्यात पोटॅशियम असतं, त्याचा हळूहळू आर्गॉन वायू होतो, तो किती साठला त्यावरून. ती म्हणाली, म्हणजे घड्याळंच दोन वेगळी. अन् मग, "दोघांचंही थोडं इकडंतिकडं होत असेल की." तो प्लस-मायनस झाला!! तोही मी गाळला होता, शब्द वाचवायला.

त्यानंतर इंग्रजी अर्ध्या तासात झालं. दोघांचा मिळून सारांश असा:

"सेनगुप्ता अँड कलीग्ज, इन १९९७, मेझर्ड थर्मोल्युमिनेसन्स इन इम्पॅक्ट ग्लास फ्रॉम लोणार अँड ऑब्टेन्ड अ‍ॅन एज ऑफ ५२,००० ± ६,००० इयर्स. जूर्दां अँड कलीग्ज, इन २०११, डेटेड मेल्ट रॉक बाय द आर्गॉन-आर्गॉन मेथड अँड रिपोर्टेड अ मच ओल्डर एज, ५,७०,००० ± ४७,०००. द टू एजेस डिफर बाय अ फॅक्टर ऑफ अबाउट इलेव्हन, फार मोअर दॅन देअर स्टेटेड एरर्स अलाउ, सो द मेथड मस्ट बी नेम्ड व्हेनएव्हर एन एज इज कोटेड."

१९९७ चा मूळ पेपर मला मिळाला नाही म्हणून संदर्भात "जूर्दां यांच्यात उल्लेखलेला" असं लिहिलंय. गुलाबी पाण्याची बातमी काढून टाकली, तशीही ती वयाशी संबंधित नव्हती. सोमवारी देऊ का असंच?

---

हुरडा_पार्टी

तुझ्या आईला को-गाईड करा.

---

गोदेचं_पाणी

वाचून डोळे भरले गं. साधी वाक्यं, कुठंही अडखळत नाही, आणि शेवटचं वाक्य पूर्ण तुझं आहे. मस्ट जरा कडक वाटतो, शूड कर. ही तुझी भाषा आहे.

---

दुधना_७१

उत्तम. एकच. दुसऱ्या आकड्यापुढं इयर्स लिहायचं राहिलं. एककाशिवाय आकडा सोडला की माझ्या वर्गात अर्धा मार्क जायचा, आणि मी तो कधीच परत दिला नाही.

---

तेरणेची_लेक

लिहिलं सर. शूड पण केलं. आता उरलेलं वाचन घेऊन आईपाशी बसते, शेंगा अजून पोतंभर आहेत.